उपचार संपले, दुखणे राहिले : स्तनाच्या कर्करोगानंतरची दीर्घकाळची वेदना

प्रास्ताविक

आजाराचे दोनच प्रकार आपण सर्वसाधारणपणे मानतो. एक बरा होणारा आणि दुसरा बरा न होणारा. परंतु तिसराही एक प्रकार आहे. त्यात रोग जातो, तपासणीचे सर्व अहवाल चांगले येतात, घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि शरीरात दुखणे मात्र मागे राहते. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या अनेक भगिनींची स्थिती अशीच आहे. काखेत चमक येते, छातीवर व्रणाच्या जागी आग होते, दंडाची आतली बाजू बधिर असूनही ठणकते. असे एक वर्ष नव्हे, पाच-पाच, दहा-दहा वर्षे चालते.

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. उपचार सुधारल्यामुळे यातून वाचणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढते आहे, ही समाधानाची बाब होय. पण वाचलेल्या स्त्रीने पुढे कसे जगावे, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. स्तन हा शब्दच आपल्या घरात उच्चारला जात नाही. "हात दुखतो" एवढेच ती सांगते आणि ऐकणारा म्हणतो, "आता काय, बरी झालीस ना? किती वर्षे झाली त्याला!"

या दुखण्याची कारणे काय, त्यावर उपाय कोणते, आणि तथागतांनी वेदनेविषयी जे सांगितले त्याचा येथे नेमका किती उपयोग आहे, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही. एका बँकेत कारकून आहे, कला शाखेची पदवीधर आहे, आणि सात वर्षांपूर्वी याच रोगाच्या उपचारांतून गेले आहे. त्यामुळे हा विषय मला वाचूनही समजून घ्यावा लागला आणि सोसूनही.

दुखणे मागे का राहते?

आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून एक बारीक मज्जातंतू बाहेर पडतो. तो काखेतील चरबीतून आडवा जातो आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. त्या त्वचेला झालेला स्पर्श तो मेंदूला कळवतो. इंटरकॉस्टोब्रॅकियल असे त्याचे वैद्यकीय नाव आहे. स्तनाच्या कर्करोगात रोग काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे की काय हे पाहण्यासाठी, किंवा पोहोचला असल्यास तो काढून टाकण्यासाठी, या ग्रंथी काढाव्या लागतात. त्या ग्रंथी नेमक्या त्याच चरबीत असतात. म्हणून शस्त्रक्रियेत हा तंतू ताणला जातो, दुखावतो किंवा कापला जातो. जीव वाचवण्यासाठी केलेल्या कामाचा तो परिणाम असतो. त्यात कोणाचा दोष असतोच असे नाही.

दुखावलेला तंतू गप्प बसत नाही. बँकेत काम करणाऱ्यांना हे चटकन समजेल. तिजोरीच्या धोक्याच्या घंटेची तार खराब झाली, तर चोर नसतानाही घंटा वाजते. आवाज खरा असतो, कानठळ्या बसतात, पण चोर मात्र नसतो. तसेच येथे होते. तंतू मेंदूकडे चुकीचे संदेश पाठवत राहतो आणि बराच काळ असे चालले की मेंदू व मज्जारज्जू त्या संदेशांना अधिक संवेदनशील होतात. मग ब्लाउजच्या शिवणीचा साधा स्पर्शही टोचू लागतो. काही भगिनींना काढून टाकलेल्या स्तनाच्या जागीच वेदना जाणवते. ज्यांचा पाय कापला गेला त्यांना नसलेल्या पायात कळा येतात, त्याच जातीची ही वेदना आहे. त्याला भ्रम समजू नये.

याशिवाय आणखी कारणे आहेत. किरणोपचारांमुळे छातीचे व काखेचे स्नायू आणि त्वचा कालांतराने घट्ट होतात, त्यामुळे खांदा आखडतो. हा बदल कधी उपचारानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी जाणवू लागतो. केमोथेरपीतील पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात आणि त्या काहींच्या बाबतीत टिकून राहतात. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सांधे धरतात, विशेषतः सकाळी बोटे वळत नाहीत. लसिका ग्रंथी काढल्यामुळे हातातील द्रव नीट वाहून न गेल्यास हाताला सूज येते व तो जड होतो. एकाच स्त्रीला यांतील दोन-तीन कारणे एकत्र असू शकतात. म्हणूनच "हात दुखतो" या दोन शब्दांतून डॉक्टरांना काहीच बोध होत नाही.

आकडे काय सांगतात?

असे दुखणे मला एकटीलाच आहे, असे प्रत्येक भगिनीला वाटते. हा समज डेन्मार्क या छोट्या देशातील अभ्यासाने खोडून काढला. तेथे स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची देशभराची नोंद ठेवली जाते. २००५ व २००६ साली शस्त्रक्रिया झालेल्या ३,७५४ स्त्रियांना २००८ मध्ये प्रश्नावली पाठवण्यात आली. ३,२५३ स्त्रियांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ४७ टक्के स्त्रियांना दोन-तीन वर्षांनंतरही वेदना होती. वेदना असणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांची वेदना तीव्र, ३९ टक्क्यांची मध्यम आणि ४८ टक्क्यांची सौम्य होती. चाळिशीच्या आतील स्त्रिया, काखेतील ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढलेल्या स्त्रिया आणि किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया यांच्यात हे प्रमाण अधिक दिसले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

संशोधकांनी २०१२ मध्ये पुन्हा त्याच स्त्रियांची विचारपूस केली. वेदनेचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले होते. आधी दुखत होते अशांपैकी ३६ टक्के स्त्रियांचे दुखणे थांबले होते. उलट आधी दुखत नव्हते अशांपैकी १५ टक्क्यांना नव्याने दुखू लागले होते.

या आकड्यांतून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ही वेदना अपवादात्मक नाही, जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ती होते. दुसरी, ती दगडावरची रेघ नाही, वर्षांनंतरही ती कमी होऊ शकते. तिसरी, ती उशिरा सुरू होऊ शकते, म्हणून "इतक्या वर्षांनी कसे काय दुखेल?" हा प्रश्न गैरलागू आहे.

वैद्यकशास्त्रानेही या दुखण्याला आता स्वतंत्र स्थान दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तीत कर्करोगामुळे व कर्करोगाच्या उपचारांमुळे होणाऱ्या जुनाट वेदनेचा स्वतंत्र उल्लेख आहे. काखेतील सर्व ग्रंथी काढण्याऐवजी आधी एक-दोनच ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्यामुळे पुढील पिढीतील स्त्रियांचा हा त्रास कमी होईल अशी आशा बाळगायला हरकत नाही.

घंटा खरी केव्हा समजावी?

दुखू लागले की मनात पहिला विचार येतो तो रोग परत आल्याचा. वरील दाखल्यातील घंटा पुष्कळदा चोराशिवाय वाजते हे खरे. पण म्हणून तिची तार कापून टाकता येत नाही, कारण कधी तरी चोर येऊही शकतो. पुढील लक्षणे आढळल्यास नेहमीच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.

१. नवीन जागी सुरू झालेले आणि आठवड्यागणिक वाढत जाणारे दुखणे.
२. पाठ, कंबर, बरगडी किंवा मांडीच्या हाडात एकाच जागी सतत दुखणे, रात्री वाढणे, विश्रांतीने न थांबणे.
३. व्रणाजवळ, काखेत, गळ्याच्या हाडाच्या वर किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ.
४. हात एकाएकी सुजणे. हात लाल व गरम होऊन ताप येणे.
५. दम लागणे, न थांबणारा खोकला, कारण नसताना वजन घटणे.
६. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यांपैकी काही नसेल, दुखणे जुन्याच जागी, जुन्याच पद्धतीचे, कमी-जास्त होणारे असेल, तर डॉक्टरांना दाखवून एकदा खात्री करून घ्यावी. त्यानंतर प्रत्येक चमकेला रोगाचे नाव देऊ नये.

वैद्यकीय उपाय

या वेदनेवर उपाय नाही असे समजणे चुकीचे आहे. मज्जातंतूच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी निराळी औषधे आहेत. यांतील काही मुळात अपस्मारासाठी किंवा मनाच्या आजारासाठी निघालेली आहेत. म्हणून औषधाच्या दुकानातील माणूस काही बोलला किंवा वेष्टनावरील माहिती वाचली, तर "मला वेड लागले असे डॉक्टरांना वाटते काय?" असा गैरसमज करून घेऊ नये. तंतूंचे चुकीचे संदेश मंदावण्यासाठी ती दिली जातात, आणि ती सुरू करणे वा बंद करणे हे दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे लागते.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. मनाच्या आजारावरील व मज्जातंतूंच्या वेदनेवरील काही औषधांमुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचे काम मंदावू शकते. म्हणून नवे औषध लिहून घेताना आपण कोणत्या गोळ्या घेतो ते डॉक्टरांना स्वतः होऊन सांगावे. त्याचप्रमाणे सांधे दुखतात म्हणून हार्मोनच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, दुखण्यावर वेगळा उपाय सुचवू शकतात. दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्यास पोट व मूत्रपिंड यांना अपाय होतो, हेही विसरू नये.

मोठ्या रुग्णालयांत वेदनेसाठी स्वतंत्र विभाग असतो. त्याला पेन क्लिनिक म्हणतात. कर्करोगाच्या डॉक्टरांकडे त्यासाठी चिठ्ठी मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

जाताना एक वही घेऊन जावी. बँकेत जशी रोजकीर्द असते तशी वेदनेची रोजकीर्द ठेवावी. तारीख, दुखण्याची जागा, प्रकार म्हणजे आग, चमक, ठणका, मुंग्या किंवा जडपणा, शून्य ते दहा यांत तिची तीव्रता, त्याआधी केलेले काम, घेतलेले औषध आणि रात्रीची झोप, एवढे रकाने पुरेत. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना वेळ थोडा असतो. पंधरा दिवसांची अशी नोंद समोर ठेवली की पाच मिनिटांतही कामाचे बोलणे होते.

हालचाल आणि घरकाम

"त्या हाताने काही उचलू नकोस," हा सल्ला प्रत्येक भगिनीने ऐकलेला असतो. त्यामागे माया असते, पण हात वर्षानुवर्षे न वापरल्याने खांदा आखडतो, स्नायू अशक्त होतात आणि दुखणे वाढते. अमेरिकेत हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील काही स्त्रियांना देखरेखीखाली, हाताला दाब देणारी बाही घालून, हळूहळू वाढवत वजने उचलायला शिकवले. त्यांची सूज व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वाढली नाही. उलट शक्ती वाढली आणि सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र हे हळूहळू आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून करावयाचे आहे. एकदम पाण्याची कळशी उचलावयाची असा त्याचा अर्थ नव्हे.

रोज करता येण्यासारखे व्यायाम साधे आहेत. भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवरून वर चढवत न्यावीत आणि जेथे ताण जाणवेल, पण कळ येणार नाही, तेथे थांबावे. खांदे मागे-पुढे फिरवावेत. दोन्ही हात गुंफून सावकाश डोक्यावर न्यावेत. रोज चालावे. हार्मोनच्या गोळ्यांमुळे धरलेल्या सांध्यांनाही नियमित व्यायामाने आराम पडतो, असे अभ्यासांतून दिसले आहे.

कामाची वाटणी हाही उपायच आहे. बरे वाटणाऱ्या दिवशी सगळे धुणे, दळण, साफसफाई उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढायचे, ही रीत सोडावी. काम तुकड्यांत विभागावे. वीस मिनिटे कणीक-पोळ्या, मग दहा मिनिटे बसणे. दुखण्याने थांबवण्याच्या आधी आपण थांबावे. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यावी. झोपताना दुखऱ्या हाताखाली छोटी उशी ठेवावी. ब्लाउज व आतील कपडे सैल, सुती आणि काखेत शिवण न टोचणारे शिवून घ्यावेत. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण दिवस त्यांनीच बनतो.

दोन बाणांचा उपदेश

आता मनाकडे वळू. येथे धम्माचा संबंध थेट येतो, पण तो नीट समजून घेतला पाहिजे.

संयुत्त निकायात सल्लत्थ सुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी बाणाचा दृष्टान्त दिला आहे. अशिक्षित मनुष्याला शारीरिक वेदना झाली की तो शोक करतो, आक्रोश करतो. जणू एक बाण लागलेल्या माणसाला लगेच दुसराही बाण लागावा, तसे त्याला शरीराचे आणि मनाचे असे दुहेरी दुःख होते. शिक्षित आर्यश्रावकालाही वेदना होते, पण ती एकाच बाणाची, शरीराची असते.

आपल्या विषयात पहिला बाण म्हणजे तो दुखावलेला मज्जातंतू. दुसरा बाण म्हणजे त्यामागून येणारी भीती, "हे कधीच संपणार नाही" हा विचार, मीच का हा प्रश्न, नवऱ्याला काय वाटत असेल ही लाज, आणि कोणाला सांगू नये म्हणून धरलेले मौन. दुसऱ्या बाणाने पहिल्याची जखम अधिक चिघळते. भीतीने स्नायू आवळतात, झोप उडते, आणि झोप नसली की वेदना वाढते, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते.

मात्र या सुत्ताचा एक चुकीचा अर्थ आपल्याच लोकांत लावला जातो. "ताई, सगळे मनाचे खेळ आहेत, ध्यान करा म्हणजे दुखणे जाईल," असे सांगितले जाते. सुत्त असे म्हणत नाही. शिक्षित श्रावकालाही पहिला बाण लागतोच, हे त्यात स्पष्ट आहे. स्वतः तथागतांची पाठ दुखत असे. मज्झिम निकायातील सेख सुत्तात कपिलवस्तूच्या शाक्यांसमोर रात्री उपदेश चालू असता त्यांनी पाठदुखीमुळे पुढील उपदेश आनंदाला करावयास सांगितला आणि स्वतः संघाटी अंथरून आडवे झाले, असा प्रसंग आहे. सम्यक् संबुद्धाला पाठ टेकावीशी वाटली, तर आपल्या भगिनीने दुपारी अर्धा तास पाठ टेकण्यात कमीपणा तो काय?

दुसरा गैरसमज कर्माचा. "मागच्या जन्मीचे भोग" हे शब्द आजही आपल्या वस्त्यांतून ऐकू येतात. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना याविषयीच विचारले होते. मनुष्य जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माने, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? त्यावर भगवंतांनी पित्त, कफ, वात, या तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली. सर्वच वेदना पूर्वकर्माची मानणे त्यांनी चुकीचे ठरवले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही पूर्वजन्मीच्या कर्माचा भार माणसाच्या माथी मारण्याचा विचार नाकारला आहे. तेव्हा शस्त्रक्रियेत तंतू कापला गेला या कारणाचा शोध गतजन्मात घेण्याचे कारण नाही. ज्याने त्या स्त्रीला "भोग" हा शब्द ऐकवला, त्याने दुसरा बाण आपल्या हाताने मारला असे समजावे.

सजगतेचा प्रयोग

मग ध्यानाचा उपयोग काहीच नाही काय? आहे, पण त्याची मर्यादा जाणून.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध परंपरेतील श्वासाचे व शरीराचे निरीक्षण हा त्याचा गाभा. पुढे त्याला मानसोपचाराची जोड देऊन आणखी एक पद्धत तयार झाली. डेन्मार्कमध्ये आरहुस येथील संशोधकांनी उपचारानंतर वेदना राहिलेल्या १२९ स्त्रियांवर या पद्धतीचा प्रयोग केला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले होते. एका गटाला आठ आठवडे शिकवले, दुसऱ्याला थांबवून ठेवले. शिकलेल्या गटात वेदनेची तीव्रता कमी झाली, दैनंदिन जीवन सुधारले, आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा वापर घटला. बाकीच्या काही मोजमापांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे दुखणे नाहीसे झाले नाही, हलके झाले.

घरी करता येईल असा सराव येथे देते. खुर्चीवर पाठ टेकून बसावे. मांडी घालण्याचा आग्रह नको. दोन मिनिटे श्वास येतो-जातो तेवढेच पाहावे. मग पायांच्या बोटांपासून सावकाश वर येत प्रत्येक अवयवाकडे लक्ष न्यावे. दुखऱ्या जागेपाशी आल्यावर तिला ढकलू नये. ती जागा केवढी आहे, आग आहे की ठणका, स्थिर आहे की सरकते, वाढते की ओसरते, एवढे पाहावे. फार होऊ लागले तर लक्ष तळपायांकडे न्यावे. हे पळणे नव्हे. दहा मिनिटे पुरेत. "कायमचे दुखते आहे" असे वाटत होते ते प्रत्यक्षात लाटांसारखे येते-जाते, हे काही दिवसांत आपोआप कळू लागते. अनित्यतेचा हा धडा पुस्तकातला राहत नाही.

ज्या भगिनींना दहा दिवसांच्या शिबिराला जावयाचे असेल त्यांनी आपला आजार अर्जात स्पष्ट लिहावा, डॉक्टरांना विचारावे आणि गोळ्या बंद करू नयेत. ज्यांना ध्यानाने अस्वस्थता वाढते त्यांनी ते सोडून द्यावे. चालणे, गाणे, मैत्रिणीशी बोलणे यांनीही दुसरा बाण बोथट होतो.

माझ्यापुरते

माझी शस्त्रक्रिया उजव्या बाजूची. नोटांची बंडले मोजणे, गल्ल्याचा खण ओढणे, शिक्का मारणे ही सगळी कामे त्याच हाताची. उपचारानंतर दुसऱ्या वर्षी काखेत चमका सुरू झाल्या. एका डॉक्टरांनी अहवाल पाहून "सगळे उत्तम आहे, मनावर घेऊ नका" एवढेच सांगितले. अहवाल उत्तम होता हे खरे, आणि हात दुखत होता हेही खरे. दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर काख काढून तो तंतू कोठून जातो ते मला दाखवले. औषध त्यांनी नंतर लिहिले. पण त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी सलग झोपले, ती औषध सुरू होण्याच्या आधी. दुखत होतेच. कशाचे दुखते ते कळले होते.

शाखाधिकाऱ्यांशी बोलून रोखीच्या खिडकीवरून मी दुसऱ्या टेबलावर आले. गोळी, भिंतीचा व्यायाम आणि रात्रीची दहा मिनिटे हे चालू ठेवले. माझ्या वहीत आरंभी सहा-सात असणारा आकडा आज बहुतेक दिवशी दोन-तीन असतो. पावसाळ्यात, किंवा लग्नसराईत दगदग झाली की तो पाचावर जातो आणि पुन्हा खाली येतो. तो शून्य होईल असे मी गृहीत धरलेले नाही. तीन असलेल्या दिवशीही मी मुलीची वेणी घालते.

घराने आणि संस्थेने काय करावे?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले, आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा अशा अर्थाची शिकवण संघाला दिली. या प्रसंगावर आपण भाषणे पुष्कळ करतो. त्याचे आचरण आजच्या काळात पुढीलप्रमाणे होऊ शकते.

घरातील पुरुषांनी पाणी भरणे, गॅसची टाकी हलवणे, ओले कपडे पिळणे ही कामे मागितल्याविना उचलावीत. "अजून दुखते का?" असे न विचारता "आज किती आहे?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नात कंटाळा डोकावतो, दुसऱ्यात विश्वास असतो. पतीने या विषयावर बोलण्याचे टाळू नये. व्रणाकडे पाहण्याचे तो टाळतो हे तिला न सांगताही कळते.

संस्थेच्या महिला मंडळाने महिन्यातून एकदा अशा भगिनींची बैठक विहारात घ्यावी. वंदनेनंतर अर्धा तास हातांचे व्यायाम एकत्र करावेत, त्यासाठी एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवावे. रुग्णालयात एकटी जाणारी असेल तिच्यासोबत जाण्यासाठी दोघी-तिघींची पाळी लावावी. यास निधी लागत नाही.

विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. तुमची आई, मावशी, आत्या किंवा शेजारच्या काकू हात चोळत बसलेल्या दिसल्या, तर वर दिलेली वही त्यांना आखून द्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा. औषधांची नावे वाचून दाखवा. शिक्षणाचा उपयोग घरापासून सुरू होतो.

समारोप

पहिला बाण काढण्याचे काम वैद्यकाचे आहे आणि त्यासाठी निःसंकोचपणे डॉक्टरांकडे जाणे हा त्या स्त्रीचा हक्क आहे. दुसरा बाण तिने सरावाने चुकवावयाचा आहे. आणि तो तिला मारला जाणार नाही हे पाहणे तुमचे-आमचे काम आहे. ती बरी झाली आहे. तिला दुखते आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, एवढे जरी आपण मान्य केले तरी तिच्या दुखण्याचा मोठा भाग हलका होईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. उपचारानंतर दुखणे राहण्याची तीन शारीरिक कारणे सांगा.
२. कोणत्या लक्षणांवर तातडीने डॉक्टरांकडे जावे?
३. सल्लत्थ सुत्तातील पहिला बाण व दुसरा बाण यांतील भेद आपल्या घरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. "सगळे मनाचे खेळ आहेत" या विधानाला तुम्ही काय उत्तर द्याल?
५. आपल्या वस्तीत अशा किती भगिनी आहेत? त्यांच्यासाठी या महिन्यात कोणते एक काम करता येईल?